दोन पाकिटं आणि कुंकवाचं बोट

त्या सोमवारी सकाळी मगदुमांच्या कपाटावर दोन खाकी पाकिटं होती आणि दोन्हींत स्वप्नाली होती. एकात लग्नाची, एकात नोकरीची.

लग्नाचं पाकीट जत तालुक्यात जायचं होतं. तिकडच्या राजमतीकाकूंनी त्यांच्या मुलासाठी, आर्जवसाठी, मुलीची माहिती मागवली होती आणि ती कागदावरच पाहिजे असं बजावलं होतं. "मोबाइलवरचं वाचलं तर वाचल्यासारखं वाटत न्हाई," असा त्यांचा निरोप होता. स्वप्नालीच्या वडलांनी, भूपालअण्णांनी, पानभर माहितीच्या चांगल्या दहा प्रती काढून आणल्या. पाहुण्यांच्या भावकीत वाटायला लागतात, हा त्यांचा तीन पुतण्यांच्या लग्नांतला अनुभव होता.

नोकरीचं पाकीट साताऱ्याला जायचं होतं. तिथल्या एका शिक्षणसंस्थेनं संगणकीय विज्ञान आणि शाश्वत विकासाचं नवं केंद्र काढलं होतं. निम्म्या प्राध्यापक महिला हव्यात, नाही तर अनुदान परत, अशी वरून अट आल्यामुळे संस्थेला एकाएकी महिलांचा उमाळा आला होता. गुलाबी रंगाची जाहिरात सगळीकडे झळकली. तीत एक बाई लॅपटॉपला पोटाशी धरून उभी होती आणि लॅपटॉपमधून तुळस उगवली होती.

स्वप्नालीनं तुळशीकडे काणाडोळा केला, कारण जागा खरी होती. जतच्या कोरड्या पट्ट्यातल्या बोअरवर तिनं पाच वर्षं घालवून पीएच.डी. केली होती. पाऊस किती, पीक कुठलं, बोअर किती खोल, हे संगणकाला सांगायचं आणि कुठल्या गावाला कुठल्या महिन्यात टँकर लागेल हे आधीच ओळखायचं, असं तिचं गणित. ते पुढं न्यायला तिला प्रयोगशाळा पाहिजे होती आणि घरापासून दोन-अडीच तासांवर अशी दुसरी जागा निघणार नव्हती. संस्थेची अट होती की अर्ज आणि संशोधनाचा सारांश मराठीतच हवा. मातृभाषेचा अभिमान हे कारण छापलेलं होतं. अध्यक्षांना इंग्रजी येत नाही, हे कारण छापलेलं नव्हतं. स्वप्नालीनं आठ दिवस बसून अकरा पानं सोप्या मराठीत लिहिली.

आता, गोपनीयतेसाठी पाकिटावर नाव घालायचं नाही, ही आणखी एक अट. जतचं पाकीट तर अण्णा स्वतःच नेऊन देणार, त्यावर नाव कशाला? दोन्ही पाकिटं जाडीला सारखी, रंगाला सारखी. म्हणून अण्णांनी एक युक्ती केली. लग्नाच्या पाकिटाच्या कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावलं. कुंकू ते लग्नाचं, कोरं ते नोकरीचं. मग ते निर्धास्तपणे आंघोळीला गेले.

ते आंघोळीला गेले आणि स्वप्नालीची आई, चंदनबालाबाई, देवपूजा आटपून बाहेर आल्या.

अण्णांनी त्याच दिवशी एक पाकीट जतला पोचवलं. मंगळवारी दुसरं घेऊन स्वप्नाली साताऱ्यात मुलाखतीला पोचली. संस्थेच्या दारात प्रत्येक उमेदवार बाईला गजरा देऊन तिचं स्वागत झालं. मग सगळ्यांना फलकाखाली उभं करून फोटो काढला. तो फोटो अनुदानवाल्यांना लगेच गेला. व्हरांड्यात नऊ बायका बसल्या होत्या, नऊच्या नऊ पीएच.डी., आणि आतून बाहेरगावच्या तज्ज्ञांचा आवाज ऐकू येत होता, "या विषयात बायका मिळतच नाहीत हो!"

समितीत पाच जण होते. अध्यक्ष राजवर्धनराव, प्राचार्य, ते तज्ज्ञ, खजिनदार आणि नियमाप्रमाणे एक महिला सदस्य, उत्कर्षा मॅडम. त्या पदार्थविज्ञानाच्या विभागप्रमुख होत्या. स्वप्नाली आत गेली तेव्हा अध्यक्ष त्यांना म्हणत होते, "मॅडम, चहाचं जरा बघता का?"

शिपायानं पाकीट फोडलं. आतून दहा प्रती निघाल्या. सगळ्यांना एकेक देऊन पाच उरल्या, म्हणून प्राचार्य खूश झाले. "पहिला उमेदवार, ज्यानं पुरेशा प्रती आणल्या," ते म्हणाले.

तज्ज्ञांनी कागद उचलून वाचायला धरला आणि उलट्या बाजूनं आलेल्या उजेडात स्वप्नालीला आपलाच फोटो दिसला. निळी साडी, शेजारी शोभेची कुंडी. वरती 'श्री महावीराय नमः'.

"सर, थांबा," ती उठून म्हणाली. "हा कागद चुकून आलाय. माझा अर्ज वेगळा आहे, अकरा पानांचा."

"आवं, बसा," राजवर्धनराव म्हणाले. "चुकीचं काय हाय ह्यात? सकाळधरनं आलेल्या अर्जांत मला कळलेला ह्यो पयला अर्ज हाय."

"पण सर, ही माझ्या लग्नाची माहिती आहे!"

"मग? ती बी लागतीच की." अध्यक्षांनी चष्मा सारखा केला. "उंची पाच तीन. फळ्याच्या वरपातूर हात पोचंल. सहा एकर बागायत, म्हणजे पगारावर अडून न्हाई. मामा कुपवाडचे. चांगलं हाय."

यात एकाही माणसाला काही वावगं दिसलं नाही, ही या गोष्टीतली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट. कागद चुकीचा होता, पण त्यांच्याजवळचे प्रश्न त्या कागदाला अगदी बेतून शिवल्यासारखे बसत होते. पाकीट बरोबर आलं असतं तरी त्यांनी हेच विचारलं असतं, फक्त माहिती शोधायला वेळ लागला असता.

"प्रकाशनं दिसत नाहीत," तज्ज्ञ म्हणाले. "आवड : वाचन, रांगोळी. म्हणजे भूमिती बरी असणार."

प्राचार्यांनी शेवटची ओळ मोठ्यानं वाचली, "अपेक्षा : सुशिक्षित आणि निर्व्यसनी." त्यांनी तोंडातली तंबाखू गालाआड सरकवली. "संस्था तशी निर्व्यसनीच आहे."

"लग्नाचं कुठवर आलंय?" अध्यक्षांनी विचारलं.

"त्याचा इथं काय संबंध?"

"संबंध कसा न्हाई? आमी तुमाला शिकवून तयार करायचं आन तुमी हळद लागली की निघून जायचं!"

"शिकून मी आलेय, सर. आणि गेल्या वर्षी तुम्ही तीन पुरुष घेतलेत. त्यांना विचारलं होतं का, हळद कधी लागणार म्हणून?"

"त्यांचा काय प्रश्न येतोय?" अध्यक्ष प्रामाणिकपणे गोंधळून म्हणाले. "त्यांच्या बायका हायत की घरी."

पंचवीस मिनिटांत पाण्याबद्दल एक प्रश्न नाही, संगणकाबद्दल एक नाही. येऊन-जाऊन करणार का, सासरचे परवानगी देतील का, रात्री प्रयोगशाळेत थांबावं लागलं तर सोबतीला कोण. स्वप्नालीची कानशिलं तापली होती. उत्कर्षा मॅडम तेवढ्या वेळात तीनदा चहासाठी बाहेर जाऊन आल्या. चौथ्यांदा बसल्या तेव्हा त्यांनी समोरचा कागद उलटा करून ठेवला आणि स्वप्नालीकडे एकटक पाहिलं.

बाहेर आल्यावर स्वप्नालीनं कारकुनाला विनवलं, खरा अर्ज उद्या आणून देते म्हणाली. "आवक रजिस्टरला नोंद झाली," कारकून म्हणाला. "आता बदलत नाही." तिनं गजरा काढून त्याच्या रजिस्टरवर ठेवला. "याची पण नोंद करा."

घरी येऊन तिनं चप्पलही काढली नाही. "कुंकू दोन्ही पाकिटांना कुणी लावलं?"

"मी लावलं," चंदनबालाबाई म्हणाल्या. "एकाला हाय आन तुझ्या नोकरीच्या पाकिटाला न्हाई, मला कसं तर वाटलं. नोकरी काय अशुभ हाय व्हय?"

साताऱ्याहून साठवून आणलेला सगळा राग मग अण्णांच्या वाट्याला आला.

"अण्णा, तुम्हाला दोन्हीला कुंकू दिसलं नाही?"

"दिसलं की," अण्णा जमिनीकडे बघत म्हणाले. "म्हटलं, वरचंच लग्नाचं आसंल. त्ये मी नेलं आन खालचं तुला दिलं."

"म्हणजे माझी अकरा पानं तिकडं जतला! आत्ताच्या आत्ता फोन करा त्यांना."

"नगं," चंदनबालाबाई घाईनं म्हणाल्या. "आपण खुळी हाय असं कळंल त्यास्नी. रविवारी येतो म्हणून त्यांचा सांगावा आलाय, म्हणजे वाचलंच नसंल. कोण वाचतंय तसलं?"

रविवारी दुपारी तीनला राजमतीकाकू आल्या. मागोमाग आर्जव, हातात डाळिंबांची पिशवी. मगदुमांच्या घरात चातुर्मास पाळतात, त्यामुळे कांदेपोहे कांद्याविना झाले होते. स्वप्नाली ताटली घेऊन बाहेर आली ती आधीच धुमसत. आता पुन्हा उंची, पुन्हा मामा, पुन्हा रांगोळी. एक प्रश्न जास्त आला तर ताटली आपटायची, असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

काकूंनी पोह्यांना हात लावला नाही. त्यांनी कापडी पिशवीतून अकरा पानं काढली, मांडीवर ठेवली आणि चष्म्याच्या वरून तिच्याकडे पाहिलं.

"पान सात," त्या म्हणाल्या. "तुमी लिवलंय, ज्वारी मोडून डाळिंब लावली की बोअर चार वर्सात आटतंय. आमचं तीन वर्सात आटलं. ह्यो एका वर्साचा फरक कुठनं आला?"

स्वप्नालीनं ताटली हळूच खाली ठेवली.

"मोजणी कवा केली? मार्चात का मेमधी? आन हे आकडे कुणाकडनं घेतले? सरकारी दप्तरातले आसतील तर ते घरात बसून भरल्यात, आदीच सांगते."

"मार्चमधली आहे, काकू," स्वप्नाली म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेत तीन प्राध्यापक बसले होते, त्यांपैकी एकालाही हा प्रश्न पडला नव्हता. "मेची मोजणी माझ्याकडे नाहीच. तुमच्या शेजारी बोअर किती आहेत?"

"आर्जव, यादी दे."

आर्जवनं खिशातून वहीचं पान काढलं. "सदतीस हायत. आईनं सहा दिवस मला वाड्यावस्त्यांवर हिंडवलंय. म्हणाली, पोरीनं इचारलं तर तोंडाकडं बघत बसशील व्हय?"

मग ते तिघं जमिनीवरच बसले. स्वप्नालीनं लॅपटॉप आणला. सदतीस बोअर एकेक करून आत गेले. काकू सातवी शिकलेल्या, पण अडलेल्या प्रत्येक शब्दाखाली त्यांनी रेघ मारली होती, आणि कळल्याशिवाय रेघ खोडत नव्हत्या. अण्णांनी दोनदा मुलीच्या स्वयंपाकाचा विषय काढला. "थांबा वो जरा," काकू म्हणाल्या.

चंदनबालाबाई दारातून सूर्याकडे बघत अस्वस्थ होत होत्या. ताटं वाढून तयार होती, जैनांच्या नेमाप्रमाणे सूर्य बुडाला की काकू जेवणार नव्हत्या. "आवं, दिवस मावळतोय," त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं.

"मावळू दे. एक उपास घडंल," काकू म्हणाल्या. तीस वर्षांत त्यांची संध्याकाळच्या जेवणाची वेळ पहिल्यांदाच चुकली.

तेवढ्यात अण्णांचा फोन वाजला. साताऱ्याहून खुद्द अध्यक्ष. अण्णांनी अभिमानानं सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला.

"भूपालराव, पोरगी लय संस्कारी हाय तुमची. नोकरीचं तेवढं अवघड दिसतंय. लग्न व्हायचंय, टिकंल न टिकंल. पर तुमचा कागद आमच्या खजिनदारांनी ठेवून घेतलाय. तुमच्या समाजातलेच हायत. त्यांच्या मुलासाठी इचारत होते."

स्वप्नालीच्या डोळ्यांत रागानं पाणी आलं. पाच वर्षं उन्हातान्हात बोअर मोजत हिंडायचं आणि मुलाखतीतून काय न्यायचं, तर स्थळ! ती फोनकडे झेपावली, पण राजमतीकाकूंनी तो आधीच उचलला होता.

"त्या मुलाचा कागद पाठवा," त्या म्हणाल्या. "त्यानं काय काम केलंय त्ये लिवलेला. अकरा पानं तरी पायजेत. वाचून कळिवते." आणि फोन ठेवून दिला.

पाचच मिनिटांनी स्वप्नालीचा फोन वाजला. उत्कर्षा मॅडम होत्या.

"इतिवृत्तावर महिला सदस्याची सही लागते, अट आहे अनुदानाची," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी केलेली नाही. तिसऱ्यांदा चहाला पाठवलं तेव्हाच ठरवलं होतं. सही नाही तर अनुदान नाही, हे आत्ता कळलंय त्यांना. बुधवारी पुन्हा मुलाखती आहेत, सगळ्या नऊजणींच्या. खरा अर्ज घेऊन या."

स्वप्नाली काकूंसमोर येऊन बसली. बुधवारचं सांगितलं. मग जरा अडखळत म्हणाली, "आणि काकू, ते पाकीट... खरं तर तुम्हाला दुसरंच यायचं होतं. चुकून आलं हे."

"त्ये कळलं पयल्या पानालाच. आमाला काय अक्कल न्हाई व्हय?" काकूंनी पानं नीट जुळवली. "लग्नाचं तुमी दोघं बघून घ्या, घाई न्हाई. बोअरचं तेवढं आदी सांगा."

"नवी प्रत काढते मी साताऱ्यासाठी. ही राहू दे तुमच्याकडे."

"नगं. हीच न्या." काकूंनी पानं तिच्या हातात दिली. कडेनं, वर, खाली, जागा सापडेल तिथं निळ्या शाईत बारीक अक्षर भरलं होतं. काही पानांना हळदीचे डाग होते.

"माझे प्रश्न हायत कडंनं," काकू म्हणाल्या. "बुधवारी त्यास्नी काय इचारायचं सुचंना झालं, तर ह्यातलंच इचारा म्हणावं."