दोन लाल डबे

आमच्या जावयाला, जात्मिकोला, घाई फार. रक्तवाहिन्यांच्या पेशींवर संशोधन करतो म्हणे, पण घरात शिरताना चपला कधी जोडीनं काढल्या नाहीत.

बुधवारी सकाळी माझी विनार्ती बाळंत झाली. मुलगी. आमच्या योग्याकार्तात, जावा बेटावर, बाळाच्या नाळेला जोडलेली वार बापानं घरी आणायची, धुवायची, मडक्यात घालून दाराशी पुरायची, वर पस्तीस दिवस दिवा लावायचा. वार म्हणजे बाळाचं पाठचं भावंड. आणि ह्यानं दारातूनच लाल डबा माझ्या हातात कोंबला.

"आई, तुम्हीच धुवा. मी येऊन पुरतो. दुसऱ्या एका बाळंतिणीनं संशोधनाला नाळ दिलीय. दुपारपर्यंत तिच्यातल्या पेशी काढल्या नाहीत तर मरतील."

"आणि पोरीच्या भावंडाचं काय?"

ऐकायला तो होता कुठे!

मी मडक्यात मीठ, तांदूळ, सुई-दोरा ठेवला. पोर हुशार निघावी म्हणून कागद-पेन्सिल ठेवली. डबा उघडला, तर आत बाटली आणि बाटलीत नुसती वीतभर नाळ. वार कुठाय?

म्हणजे ह्यानं डबे बदलले. नातीची वार त्याच्या कात्रीखाली! फोन केला, उचलला तर तो जात्मिको कसला? डबा मांडीवर घेऊन भाड्याच्या मोटारसायकलवर बसले.

"आजी, डब्यात मासे का?" चालवणारा विचारतो.

"पुढं बघ! पाडलंस तर तुलाच पुरीन."

प्रयोगशाळेत दुसरा लाल डबा टेबलावर, कात्री शेजारी, आणि जात्मिको त्याच्या विद्यार्थिनीला, लारासला, शिकवतोय. "पेशीनं अंगावर बाहेरचे निरोप आत घ्यायला दारं किती बसवायची, त्याची चिठ्ठी जनुकाकडून येते. ती चिठ्ठी म्हणजे आरएनए. काही प्रथिनं तिला धरून जपतात, काही फाडायला लावतात. त्यावर दारं वाढतात किंवा घटतात..." बोलता बोलता त्यानं कात्री उचलली.

"खाली ठेव ती!"

लारासनंच डबा उघडला. वार होती. अख्खी. मी तिथल्याच स्टुलावर बसले.

लारास माझ्या डब्यातली बाटली बघून म्हणाली, "सर, अजून वेळ आहे. पेशी मी काढते."

"आई, डबे सारखेच होते हो," जात्मिको पुटपुटला.

"म्हणूनच चिठ्ठी लावायची! पेशीच्या पोटातली चिठ्ठी कोण धरतं ते शोधतोस, आणि डब्यावर एक चिकटवता येत नाही? चल घरी, वार तूच धुवायचीस. पोरीच्या मडक्यात कागद-पेन्सिल आहेच, आता डिंकाची बाटलीपण ठेवते. डोकं बापाचं घेतलं तर घेऊ दे, घाई नको."