डॉक्टर शेट्ये आणि चोर काच

डॉक्टर शेट्ये काचेच्या ग्लासातून चहा पीत नसत. ऐंशीच्या दशकात गोरेगावच्या आमच्या प्रयोगशाळेत ते घरून आणलेला निळा प्लास्टिकचा मग पुढे करत.

"साहेब, आंघोळ की चहा?" कँटीनवाला विचारी.

"काच चोर आसा," शेट्ये म्हणत.

मेंदूत निरोप पोचवणारं एक इवलंसं प्रथिन ते माशांच्या डोक्यांतून काढत. "प्रथिन म्हणजे किल्ली, पेशीवर तिचं कुलूप." पण ही किल्ली काचेच्या नळीत ठेवली की काचेलाच चिकटून बसे, म्हणून सगळं प्लास्टिकमध्ये. चहाला हा नियम लागू नाही, हे त्यांना कुणीच पटवू शकलं नाही.

दर आठवड्याला ते वर्सोव्याहून मुशीची, म्हणजे छोट्या शार्कची, डोकी आणत. कोळीण म्हणे, "डॉक्टर, डोकीच नेतंस? मासा खायाला घरान कोन नाय?"

"नाय."

वर्षभराच्या डोक्यांतून जेमतेम एक नळी प्रथिन निघालं. ते पाहायला समिती येणार होती. मी तेव्हा हंगामी मदतनीस, दुपारचा डबा त्यांच्याबरोबरच खायचो. त्या दिवशी सकाळी प्लास्टिकच्या नळीला चीर दिसली. दुसरी शोधायचा कंटाळा केला आणि सगळं काचेच्या नळीत ओतलं. तासाभराचा तर प्रश्न.

कोमट खारट पाण्यात तेच कुलूप असलेला गिनीपिगच्या आतड्याचा तुकडा टांगला होता. किल्ली लागली की तो आकसायचा आणि फिरत्या कागदावरची रेघ वर चढायची. शेट्यांनी थेंब सोडले. रेघ सरळच गेली.

"कुलूपच नाही वाटतं," समितीतलं कुणीतरी हसलं.

"माझी चूक झाली," शेट्ये म्हणाले.

त्यांचं संशोधन बंद झालं. त्यांना खोकल्याची औषधं तपासायला बसवलं. मी कायम झालो, पुढे विभागप्रमुखही. नव्या पोरांना मी सांगायचो, शेट्यांचं प्रथिन म्हणजे शुद्ध थाप. ती थाप नव्हती. थाप माझी होती.

ते निवृत्त झाल्यावर कबुली द्यायला त्यांच्या घरी गेलो. एक खोली, एक खुर्ची. मला त्यांनी निळ्या मगातून चहा दिला, स्वतः काचेच्या ग्लासातून घेतला. मी घसा खाकरला.

"राहू दे, जाधव. नळी हातात घेतली तेव्हाच कळलं. काच गार लागते."

"मग बोलला का नाहीत?"

"तुला काढला असता." ते ग्लासात पाहत राहिले. "मग दुपारी डबा मी कुणाबरोबर खाल्ला असता?"

खोकल्याच्या विभागात गेल्यापासून ते डबा एकटेच खात होते. मी एकदाही त्यांच्या टेबलापाशी गेलो नव्हतो.