समक्ष पाहून

ज्ञानबांना दिसत नाही, ही गोष्ट घरात सर्वांना माहीत होती. ती फक्त कार्यालयाला कळवायची राहिली होती.

सांगोल्याकडच्या माळावर ज्ञानबांनी पन्नास वर्षं घोंगडी विणली. बायको गेल्यावर ते सोलापुरात पूनमकडे, म्हणजे मुलीकडे, राहायला आले. येताना एक शेवटचं घोंगडं घेऊन आले, लेकीसाठी विणलेलं. काठ तेवढा शिवायचा होता. अर्धा काठ शिवून झाला आणि सुई दिसेनाशी झाली. पूनम सुई ओवून देऊ लागली, तर टाका कुठं पडतोय ते दिसेना.

"आबा, मी शिवते की."

"तुज्या टाक्यानं गोधडी हुईल, घोंगडं न्हाय. डोळं आलं की मी शिवतो."

नवी पेठेतल्या चष्मेवाल्याने त्यांना भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. ज्ञानबांनी भिंत कुठं आहे ते विचारलं. चष्मेवाल्याने टॉर्च मारून पाहिलं आणि म्हणाला, "हे नंबरचं काम नाही. मोतीबिंदू आहे, दोन्हीकडं, पार पिकलेला. वरून काच लावून भागायचं नाही, आतलं भिंगच बदलावं लागेल." मग धंद्याला जागून त्याने विचारलं, "फ्रेम दाखवू का?"

भिंग बदलण्यासाठी 'दृष्टिलाभ' नावाची योजना होती. योजनेसाठी कार्यालय होतं आणि कार्यालयाला एक खिडकी होती. खिडकीमागे श्रीमंत नावाचे भाऊसाहेब बसत. ते अतिशय सज्जन गृहस्थ होते. नसते, तर निदान चिडता आलं असतं.

"आजोबा, आधी ओळख पटवू. अंगठा ठेवा."

अंगठा उमटला नाही. पन्नास वर्षं लोकर कातून त्यावरच्या रेषा पुसल्या गेल्या होत्या. भाऊसाहेबांनी दहाही बोटं करून पाहिली, एकेक बोट स्वतः रुमालाने पुसून.

"हरकत नाही. डोळ्यांवरून पटवू." त्यांनी दुर्बिणीसारखं यंत्र ज्ञानबांच्या तोंडासमोर धरलं. "पापणी हलवू नका." यंत्राने विचार केला आणि पडद्यावर अक्षरं आली : डोळा आढळला नाही. दुसऱ्या डोळ्याबाबतही यंत्राचं तेच मत पडलं.

"साहेब, मोतीबिंदूमुळं घेत नसेल ते," पूनम म्हणाली.

"शक्य आहे. तो काढून या."

"तो काढायलाच आलोय."

"मग आधी ओळख पटली पाहिजे." भाऊसाहेबांना खरोखर वाईट वाटलं. "ताई, माझ्या बाजूने विचार करा. ज्याला डोळेच नाहीत, त्याच्या डोळ्यांतला मोतीबिंदू मी कसा मंजूर करू? त्यापेक्षा अंधत्वाचा दाखला घ्या. तिकडे रांग कमी आहे."

"त्याला काय लागतं?"

"डोळ्यांची ओळख."

तीन महिने पूनम डोळे असल्याचा दाखला शोधत फिरली. सरकारी डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू असल्याचा देतो, डोळे असल्याचा छापील नमुना आमच्याकडे नाही. चौथ्या महिन्यात भाऊसाहेबांनाच दया आली. त्यांनी नियम चाळून एक विशेष तरतूद शोधून काढली. यंत्र ओळखत नसेल, तर लाभार्थ्याची ओळख रक्ताच्या नातेवाइकाने द्यावी. मात्र त्या नातेवाइकाला लाभार्थ्याने समक्ष पाहून ओळखलं पाहिजे.

"एका मिनिटाचं काम आहे," भाऊसाहेब म्हणाले. "आजोबा, ही कोण?"

"आमची पूनम."

"पाहून सांगा."

"बगून कसं सांगू? दिसत न्हाय म्हनून तर आलोय की."

"म्हणजे ओळखत नाही?"

"वळखतो की! बांगड्या वाजल्या की वळखतो. जिना चढतीया तवा वळखतो. आत्ता लई चिडलीया, त्ये बी कळतंय."

"आवाजाचा रकाना नाही, आजोबा. 'मी या व्यक्तीस समक्ष पाहून ओळखले.' एवढं फक्त हो म्हणा."

पूनम कानाशी वाकली. "आबा, व्हय म्हना फकस्त."

"न बगता बगितलं कसं म्हनू? उद्या डोळं आलं आन् तू येगळीच निगालीस, मग?" ज्ञानबा स्वतःच्याच विनोदावर हसले.

भाऊसाहेब हसले नाहीत. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं : लाभार्थी सदर महिलेस पाहून ओळखत नाही.

परतताना रिक्षात पूनम एक शब्द बोलली नाही. सात रस्ता चौक मागे पडल्यावर ज्ञानबांनी हात पुढे करून हवेत चाचपलं.

"बोल की काय तरी. बोलली न्हाईस तर तू हितं हायस हे कळावं कसं?"

ती तरीही बोलली नाही. तिला वाटलं, घरी गेल्यावर बोलू. घरी गेल्यावर ती बोललीही. पण रिक्षातलं ते राहिलंच.

अर्ज फेरतपासणीला गेला. सातव्या महिन्यात ज्ञानबा वारले.

त्यांनी डोळे द्यायचं ठरवून ठेवलं होतं. पूनमने फोन केला तेव्हा नेत्रपेढीची माणसं तासाभरात आली. अंगठा मागितला नाही. दोन्ही डोळे पहिल्याच नजरेत आढळले. "मोतीबिंदू आतल्या भिंगात असतो, ताई," त्यातली मुलगी हळू आवाजात म्हणाली. "बाहेरचा पडदा लख्ख आहे. तो बसवला की दोघांना दिसेल." तिने पावती दिली. त्यावर लिहिलं होतं : स्वीकारले — डोळे, दोन.

पंधराव्या दिवशी कार्यालयाचं पत्र आलं. फेरतपासणीसाठी लाभार्थ्याने दोन्ही डोळ्यांसह समक्ष हजर राहावे. गैरहजेरीस वारस जबाबदार.

पूनम गेली. खांद्यावर अर्ध्या काठाचं घोंगडं होतं. भाऊसाहेबांनी मृत्यूचा दाखला वाचला, दोन मिनिटं मान खाली घातली. मग ती पावती वाचली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"हाच कागद हवा होता! दोन्ही डोळे होते, लेखी. ताई, हे आधी आणायचं की!"

"अर्ज बंद करा, साहेब."

"करतो. बंद करायला मुलीची सही लागेल."

"मीच मुलगी."

भाऊसाहेबांनी फाईल उलटवली आणि संकोचून तिच्याकडे वळवली. "नोंदीप्रमाणे ते तुम्हाला ओळखत नाहीत. आता त्यांना विचारताही येत नाही. एक करा, रांगेतल्या कुणीही एकाने ओळख दिली तरी चालेल. तुम्ही सात महिने इथेच तर येताय."

पूनम मागे वळली. रांगेत चाळीसेक माणसं होती. बहुतेकांनी त्या सात महिन्यांत कधी ना कधी ज्ञानबांना सरकून बसायला जागा दिली होती.

"मला कुणी ओळखतं का?" तिने विचारलं.

रांगेने मोबाइल पाहिले. कुणी पंखा पाहिला. रांगेत पाचवे तुम्ही होतात. नवी पेठेतूनच घेतलेला चष्मा होता तुमच्या डोळ्यांवर, नंबर अगदी बरोबर. तिने तुमच्याकडे पाहिलं, तेव्हा तुम्ही तो काढलात आणि शर्टाच्या टोकाने सावकाश पुसू लागलात.