वाजवी भावाची पिन

गुलाबभाऊंच्या खिशात कायम एक भिंग असतं. पेपर वाचायला नव्हे, पेपर ते हात लांब करून वाचतात. भिंग आहे रेकॉर्ड प्लेअरच्या पिनीसाठी. कुणाच्याही घरी गेले आणि कोपऱ्यात जुना रेकॉर्ड प्लेअर दिसला, की पाणीसुद्धा न पिता त्याच्यापुढे उकिडवे बसतात आणि पिनीचं टोक तपासतात.

अमरावतीत त्यांची आणि आमची भिंत एकच. शेंदूरजनाघाटची संत्र्याची बाग आता धाकटा भाऊ बघतो. पण फळ हातात घेऊन भाव सांगायची गुलाबभाऊंची सवय काही गेली नाही. ती कार्ट्रिजवर आली. कार्ट्रिज म्हणजे पिन ज्यात बसते तो बोटाच्या पेराएवढा तुकडा. हे ज्ञान मला फाटकात, हातातल्या दुधाच्या पिशवीसकट उभं करून मिळालं.

“हे पाय, सिरॅमिक म्हणजे गावरान. आवाज दणदणीत, पण रेकॉर्ड खरवडते. मॅग्नेटवालं संसारी मानूस. पिन घासली तं फक्त पिन बदलायची. अन् कॉइलवालं? नवाबाचा जावई! आवाज नाजूक, मिजास मोठी, अन् पिन गेली तं अख्खं कार्ट्रिज गेलं समज.”

“मग घ्यायचं कोणतं?”

“वाजवी भावातलं.”

“वाजवी म्हणजे किती?”

“जे वाजवते ते वाजवी!” आणि स्वतःच्याच विनोदावर ते पोट धरून हसले. दूध मात्र नासलं.

त्यांच्या पुतण्यासाठी मुलगी बघायला अकोल्याला गेलो, तेव्हा गाडी माझी होती, म्हणून मीही होतो. मुलगी पोहे घेऊन आली. सगळे सावरून बसले. गुलाबभाऊ तेवढे गायब.

मुलीच्या वडिलांनी अदबीनं विचारलं, “गुलाबभाऊ, कशी वाटली?”

सोफ्यामागून आवाज आला, “बॉडी झकास हाये! पण टोक घासलं हाये. बदलून घ्या लागते!”

मी पोह्यातला शेंगदाणा न चावताच गिळला. मुलीनं सोफ्यामागच्या रेकॉर्ड प्लेअरकडे डोकावून पाहिलं आणि म्हणाली, “किती लागतीन काका बदलाले?” मग तिला जे हसू फुटलं, त्यात पुतण्या तिथल्या तिथे गारद. लग्न झालं. ते पिनीमुळेच जमलं, असं गुलाबभाऊ अजून सांगतात.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी स्वतःच कॉइलवाल्याचा ध्यास घेतला. मुंबईच्या व्यापाऱ्याशी फोनवर घासाघीस चाले आणि भिंतीपलीकडून आम्हाला ऐकू येई, “मी सालीवरून बाग सांगतो बापा, तू मले पिन शिकवून राह्यला का?”

शेवटी व्यापारी थकला. कार्ट्रिज आलं. गल्लीतल्या चौघांना बोलावणं. समोरच्या खुर्चीवर सुमनकाकू, म्हणजे त्यांच्या मिसेस. पिन टेकली. काय तो आवाज! गाणारी बाई श्वास कुठे घेते, तेही कळत होतं. आम्ही हलायचंसुद्धा विसरलो.

काकू फिरणाऱ्या रेकॉर्डकडे बघत म्हणाल्या, “लावलं का हो?”

आम्ही हसलो. चांगली फिरकी घेतली, असं वाटलं. गुलाबभाऊ हसले नाहीत. त्यांनी आवाज वाढवला. “आता?”

काकूंनी मान डोलावली. पण त्यांची नजर रेकॉर्डवर नव्हती, गुलाबभाऊंच्या ओठांवर होती.

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून भलताच खरखरीत, ढणढण आवाज आला. मी धावत गेलो. गुलाबभाऊंनी माळ्यावरची जुनी रेकॉर्ड वाजवायची पेटी काढली होती. सिरॅमिकवाली, झाकणातच स्पीकर. काकूंनी झाकणाला कान टेकला होता. डोळे मिटलेले, बोटं मांडीवर ताल धरत होती. नवं कार्ट्रिज डबीत परत गेलं होतं.

“अहो गुलाबभाऊ,” मी म्हणालो, “रेकॉर्ड खरवडून निघेल!”

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

“खरवडू दे,” ते हळूच म्हणाले. “तिले आयकू येऊन राह्यलं.”