दखलपात्र मन्मथअप्पा

आमच्या गल्लीत कुणाची कोंबडी हरवली, तर लोक आधी मन्मथअप्पांकडं फिर्याद देतात आणि मग कोंबडी शोधायला लागतात.

अप्पा पोलीस खात्यातून जमादार म्हणून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली. ही बातमी त्यांना स्वतःला मात्र अजून पटलेली नाही. सकाळी अंघोळ झाली की कपाळाला भस्म लावून, वर बनियन आणि खाली कडक इस्त्रीची खाकी पँट अशा अवतारात ते ओट्यावर खुर्ची टाकून बसतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतात, "काही तक्रार?"

भोकरहून अहमदपूरच्या शाळेत माझी बदली झाली आणि मी अप्पांच्या शेजारी भाड्यानं राहायला आले. पहिल्याच आठवड्यात पातेल्यातलं दूध चाखून मी दारातच वैतागले, "गवळी चोर आहे मेला!"

"बाई," ओट्यावरून आवाज आला, "संशयित म्हणा. कोर्टानं म्हणेपर्यंत कुणी चोर नसतो. पाणी घालताना बघितलं का?"

"बघितलं नाही, पण चव—"

"हाव, चव पुरावा झाली. पण एकटी चव कोर्टात टिकत न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन पंच बोलावले. एक किराणा दुकानदार आणि एक रिक्षावाला. तिघांनी मिळून माझं सगळं दूध पंचनाम्यात संपवलं. निष्कर्ष निघाला की दूध बरं हाय, साखर कमी पडली. गवळी निर्दोष सुटला आणि मी बिनदुधाचा चहा घेऊन शाळेत गेले.

पलीकडच्या गिरजाबाईंची कोथिंबीर शेजाऱ्याच्या वासरानं खाल्ली, तेव्हा अप्पा जातीनं गोठ्यात जाऊन आले. "दखलपात्र हाय," त्यांनी जाहीर केलं, "पण अटकेची गरज न्हाई. आरोपी तपासाला सहकार्य करून राहिलाय." वासराला त्यांनी मालकाच्या हमीवर जामीन दिला. वर मला समजावलं, "जामीन म्हंजे सुटका नव्हं बाई. बोलावलं की यायचं, त्याला जामीन म्हणतेत." गिरजाबाई म्हणाल्या, "आन् माझी कोथमीर?" त्यावर अप्पांनी घरातून स्वतःची जुडी आणून दिली.

गंमत म्हणून लोक येत. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. फिर्यादी कितीही भरकटला, कोंबडीवरून जावेच्या लग्नावर आणि लग्नावरून पिकाच्या आणेवारीवर गेला, तरी अप्पा त्याला तोडत नसत. हातातला चहा गार होई. ते फक्त "पुढं?" म्हणत. आणि शेवटी निकाल एकच, "दखलपात्र!"

एकदा मीच शहाणपणा केला. म्हटलं, "अप्पा, कायद्यात अदखलपात्र गुन्हेही असतात ना? किरकोळ मामला असला की पोलीस नुसती नोंद घेतात, पावती देतात. कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास करत नाहीत. मग तुमच्याकडं सगळंच दखलपात्र कसं?"

अप्पांनी खुर्चीवरून उठून पँटची घडी सारखी केली. "तो शब्द ह्या ओट्यावर न्हाई," असं म्हणून ते आत निघून गेले. त्या दिवशी ओटा बंद राहिला. त्यांच्या बायकोला, काकूंना, मी विचारलं तर त्या म्हणाल्या, "पुन्हा नका काढू बाई." मीही नाही काढला.

उन्हाळ्यात शाळेला सुट्टी होती. भर दुपारी कोपऱ्यावरच्या घरातली रेणुका अप्पांच्या ओट्यापाशी आली. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं तिचं. तिच्या घरातला आरडाओरडा आम्ही सगळेच ऐकत होतो, आणि नवरा-बायकोचं म्हणून सगळेच खिडक्या लावून घेत होतो. तिचा डावा हात कोपरापासून सुजला होता.

"मोरीत घसरले," ती म्हणाली.

"पुढं?" अप्पा म्हणाले.

  काकूंनी पाणी आणून दिलं. ते पिऊन रेणुका म्हणाली, "घसरले न्हाई."

मग तिनं सगळं सांगितलं. अप्पांनी पहिल्यांदाच अंगात शर्ट चढवला. "बाई, तुमी बी संगं चला. लेकरू घाबरलंय."

ठाण्यात टेबलावर एक तरुण अंमलदार होता. त्यानं रेणुकेचा हात बघितला, अप्पांना ओळखलं आणि हसून म्हणाला, "काका, घरगुती मामला हाय. साधी मारहाण. अदखलपात्र म्हणून एनसी घेतो, नवऱ्याला बोलावून समज देतो. कामून संसार मोडता?"

मला वाटलं, अप्पा भडकणार. त्यांनी हात जोडले. "साहेब, तिचं बयान आजून झालंच न्हाई. आधी ऐका, मग लिव्हा. नवऱ्यानं छळ केला आन् बायको सवता सांगून राहिली, तर तो मामला दखलपात्र हाय. तुमी न्हाई लिव्हलं तर मी हितून उठत न्हाई."

शेवटी महिला पोलिसाला बोलावणं गेलं. ती आली आणि रेणुकेला आतल्या खोलीत घेऊन गेली. आम्ही दोघं बाहेर बाकावर बसलो.

"ह्याच टेबलावर मी व्हतो," अप्पा म्हणाले. मला वाटलं, नोकरीच्या आठवणी निघाल्या.

"माझी महानंदा आली व्हती. उदगीरला दिली व्हती तिला. घरी न्हाई आली बाई, ठाण्यात आली. बापाकडं न्हाई, पोलिसाकडं. गाल सुजला व्हता. सगळा स्टाफ बघून राहिलेला. मला लाज वाटली. मारणाऱ्याची न्हाई, तिची. म्हटलं, अदखलपात्र हाय. जावयाला बोलावून समज दिली आन् तिला मीच एस्टीत बसवून दिलं."

आतून रेणुकेचा बारीक आवाज येत होता. अप्पा दाराकडं बघत राहिले.

"पुढल्या पावसाळ्यात त्यानं असं मारलं की तिचा उजवा कान गेला. मंग केस झाली. मी सरकारी साक्षीदार. उलटतपासणीला आरोपीचा वकील उठला आन् इचारलं, जमादार, तुमी पोलीस, तुमीच बाप. पोरगी पहिल्यांदा आली तवा गुन्हा दाखल केला का? म्हटलं, न्हाई. कामून? शपथ घेतलेली बाई, खोटं कसं बोलावं? म्हटलं, तवा किरकोळ वाटलं."

"मग?"

"संशयाचा फायदा. सुटला. महानंदा कोर्टात मागच्या बाकावर बसली व्हती. तवापासून माझ्याशी बोलत न्हाई."

 तेवढ्यात महिला पोलीस बाहेर आली. गुन्हा दाखल होणार होता. रेणुकेला आधी दवाखान्यात न्यायचं होतं. अप्पांनी रिक्षा थांबवली.

संध्याकाळी रेणुका अप्पांच्या घरी आली. हाताला प्लास्टर होतं. तिचे आईवडील दुसऱ्या दिवशी येणार होते. मी भाजी देऊन निघत होते, तेवढ्यात काकूंचा फोन वाजला. महानंदा होती. ती किनवटला मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिका आहे. आईशी रोज बोलते. काकूंनी तिला दिवसभराचं सगळं मोठ्यानं सांगितलं, आणि मग तिकडचं ऐकून घेतलं. फोन त्यांनी अप्पांसमोर धरला.

"तुमाला फोनवर मागून राहिली."

अप्पांनी तो दोन्ही हातांनी घेतला.

"हाव... हितंच हाय... झोपली हाय... न्हाई, न्हाई पाठवत परत."

मग भिंतीकडं तोंड करून हळूच म्हणाले, "महानंदा, माझं चुकलं."

तिकडून काहीतरी विचारलं गेलं. अप्पांनी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. पुन्हा तिकडून तेच. तिला ऐकू जात नव्हतं. अप्पांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा उघड्या दाराकडं. मग सगळी ताकद लावून ते ओरडले, "माझं चुकलं, पोरी! लई चुकलं!"

समोर गिरजाबाई पाणी शिंपडत होत्या, त्या तशाच थांबल्या. किराणा दुकानदार बाहेर येऊन उभा राहिला.

अप्पांनी फोन खाली घेतला. काकू पुढं झाल्या.

"काय म्हणाली?"

"ऐकलं, म्हणाली."

"आन्?"

"ठेवला."

"इतकंच?"

अप्पा खाली बसले. शर्टाची वरची गुंडी काढायला गेले, पण ती निघेना. काकूंनी ती काढून दिली.

"इतकंच," अप्पा म्हणाले. "लई झालं."