माणूस आढळल्याबद्दल दिलगिरी

दार हे माणसाला आत घेण्यासाठी असतं की बाहेर ठेवण्यासाठी, हा प्रश्न मानवजातीला अजून सुटलेला नाही. जपानमध्ये सुटला आहे. "पण मी सांगितलं तर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसायचा नाही," असं काशीनाथकाकांनी सुरुवातीलाच जाहीर केलं, आणि इंग्लंडातल्या मिल्टन कीन्सच्या मंडळाच्या हॉलमध्ये सगळे खुर्च्या सावरून बसले. काकांनी असं म्हटलं की पुलाव गार होईपर्यंत सुटका नसते, हा आजवरचा अनुभव होता.

प्रसंग तसा गंभीर होता. मंडळाने हॉल घेतला तेव्हापासून दर रविवारी वंदनेच्या आधी काका दाराशी खुर्ची टाकून बसत. येणाऱ्याला दार उघडत, 'जय भीम' म्हणत, गुडघ्यांची चौकशी करत, आणि उशिरा येणाऱ्याला घड्याळाकडे न बघता नुसतं हसून लाजवत. सेक्रेटरी प्रज्ञेशने (आयटीत आहे, त्याला इलाज नाही) या व्यवस्थेचा सखोल अभ्यास केला आणि तिच्यातली एकमेव त्रुटी शोधून काढली. तिच्यात माणूस होता. सबब दाराला आकड्यांचं कुलूप बसवावं, कोड सर्वांना ईमेलने जावा आणि काकांना दारावरून सन्मानपूर्वक मुक्त करावं, असा ठराव आज जेवणाआधी मंजूर व्हायचा होता. कुलूप सकाळीच बसलं होतं. (लोकशाहीत क्रम थोडा मागेपुढे होतो.)

"काका, तुम्ही आत्ताच ओसाकाला तसल्याच हॉटेलात राहून आलात ना? सांगा की सगळ्यांना, किती स्मूथ असतं ते," प्रज्ञेश म्हणाला. आपल्या बाजूने साक्षीदार उभा करताना तो आधी तपासून घ्यावा, हे आयटीत शिकवत नाहीत.

"स्मूथ? अरे, लोणी!" काका म्हणाले. खुर्ची त्यांनी दारापासून हलवली नव्हती.

हॉटेल नात दियाने शोधून दिलं होतं. अपार्टमेंट हॉटेल, स्वस्त, सेल्फ चेक-इन. रिसेप्शन नाही, मॅनेजर नाही, बॅग उचलायला कोणी नाही आणि तक्रार ऐकायलाही कोणी नाही. त्यामुळे तिथे तक्रारींचं प्रमाण शून्य आहे. इतकी निर्दोष सेवा काकांनी आयुष्यात पाहिली नव्हती.

आत शिरताच भिंतीवर एक टॅबलेट होता. त्याने आधी पासपोर्ट मागितला, मग चेहरा. काकूंचा, म्हणजे चंदाबाईंचा, चेहरा त्याला तत्काळ पटला. काकांना मात्र त्याने कळवलं की कृपया शांत चेहऱ्याने पुन्हा प्रयत्न करावा.

"आजोबा, असा मेसेज नव्हता तिथे," हॉलमध्ये बसलेली दिया मध्येच म्हणाली.

"तुला जपानी येतं?"

"नाही."

"मग?"

(काकांना येतं का, हे कोणी विचारलं नाही.)

अडचण अशी होती की पासपोर्टातले काका नियमानुसार गंभीर होते आणि दारातले काका ओसाकाला पोचल्याच्या आनंदात होते. आनंद ओसरेपर्यंत लॉबीत थांबणं भाग होतं. चंदाबाई वर गेल्या, अंघोळ केली, झोपल्या. काका सवयीप्रमाणे दाराशी उभे राहिले.

इतक्यात एक जर्मन जोडपं आलं आणि त्यांनी काकांना कमरेतून वाकून नमस्कार केला. काका 'जय भीम' म्हणाले. तेही 'जय भीम' म्हणाले. मग त्यांनी केळ्याचं साल दाखवून हे कुठे टाकायचं, असं विचारलं. त्या इमारतीत कचऱ्याचे प्रकार असे: जळणारा, न जळणारा, बाटल्या, बाटल्यांची झाकणं, झाकणांवरची लेबलं, आणि ज्याच्याबद्दल रहिवाशांत मतभेद आहेत असा. काकांनी निकाल दिला की साल जळणाऱ्यात टाकावं, सालावरचं स्टिकर प्लास्टिकमध्ये, आणि केळं खाल्ल्याचं समाधान सोबत न्यावं. जर्मन माणसाचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी लॉबीत रांग लागली. एक कोरियन मुलगी किल्लीच्या डबीचा कोड विसरली होती. काकांनी तिला आधी चहा पाजला, मग घरी कोण कोण असतं ते विचारलं. कोड तिला आपोआप आठवला.

"कंपनीचा सर्व्हेच आहे," काका म्हणाले. "बासष्ट टक्के पाहुण्यांना माणसाची उणीव भासत नाही. एकतीस टक्के फ्रिजशी बोलतात. उरलेले सात टक्के अजून बाहेरच आहेत."

लोक माना डोलवत होते. भावना, जिच्याकडे आजचं जेवण होतं, हसत हसत गाडीतून पुलावाचं पातेलं आणायला बाहेर गेली. तिच्यामागे नव्या कुलपाने 'टिंग' असा आवाज केला.

तिसऱ्या दिवशी सगळ्या खोल्यांत कंपनीचा संदेश झळकला: 'लॉबीत एक माणूस आढळला आहे. आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही अंतःकरणपूर्वक दिलगीर आहोत. तो लवकरच हटवण्यात येईल.' परंतु हटवायलाही माणूसच लागतो आणि तो कंपनीकडे नव्हता, म्हणून काम लांबलं. तेवढ्यात पाहुण्यांचे अभिप्राय येऊ लागले. 'गुडघ्यांची आस्थेने चौकशी,' असं तर चार भाषांत आलं. शेवटी कंपनीने वेबसाइटवरची यादी सुधारली. सुविधा: वायफाय, वॉशिंग मशीन, हेअर ड्रायर, माणूस (मर्यादित काळासाठी).

टाळ्या पडल्या. प्रज्ञेश अस्वस्थ झाला. "काका, पण तो पॉइंट नाहीये. सिस्टिम चालते ना?"

"चालते की! न चालायला काय झालं? फक्त सूचना वाचायला हव्यात. मी बुकिंगच्या वेळी सगळ्या अटी आणि नियम पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचले, आणि मगच 'मला मान्य आहे'चं बटण दाबलं."

"खोटं!"

चंदाबाई उभ्या राहिल्या होत्या. "अहो, जर्मन ऐकून घेतला, केळं ऐकून घेतलं, वेबसाइट ऐकून घेतली. पण हे नाही हं! सर्रकन खालपर्यंत ओढलंत, टिक मारलीत आणि मला म्हणालात, चहा टाक."

हॉल हसून कोसळला. चंदाबाईंचं सगळ्यांनाच पटलं. थापेलाही काही मर्यादा असते. अटी म्हणे वाचल्या! काकांनी रंगेहाथ पकडल्या गेलेल्या माणसासारखी मान खाली घातली, आणि ती खाली घालून ते वाट पाहू लागले.

दारावर थाप पडली.

"अहो, उघडा ना कोणीतरी! पातेलं गरम आहे!" बाहेरून भावना ओरडली. "कोड काय आहे?"

सगळ्यांनी प्रज्ञेशकडे पाहिलं.

"ईमेलमध्ये आहे," प्रज्ञेश म्हणाला. "सगळ्यांनी 'वाचलं, मान्य' असं टिक केलंय."

केलं होतंच. प्रज्ञेशनेही केलं होतं. आता अख्खं मंडळ फोन काढून ईमेल शोधू लागलं. कोणी चष्मा शोधू लागलं. एकाने कोड सापडल्याचं जाहीर केलं, तो जिमचा निघाला. दाराला आतून साधी मूठ होती आणि ती फिरवली की दार उघडत होतं, हे कोणाच्या ध्यानात येईना. काका सावकाश उठले, मूठ फिरवली आणि म्हणाले, "जय भीम, भावना. गुडघे काय म्हणतात?"

ठराव एकमताने मंजूर झाला, किरकोळ दुरुस्तीसह. हॉलच्या सुविधा आता अशा आहेत: आकड्यांचं कुलूप, हीटर, माणूस (मर्यादित काळासाठी).

दुरुस्तीचा पूर्ण मजकूर सर्वांना पाठवला आहे. तुम्हीही इथवर एकही ओळ न गाळता वाचत आला असालच. नाही, हो म्हणू नका. चंदाबाई अजून हॉलमध्येच आहेत.