अप्पांच्या गाडीचा भाव

शिवराजअप्पांना त्यांच्या गाडीचा भाव विचारला, तर ते तोंडानं सांगत नाहीत. खांद्यावरचं उपरणं काढतात, एकदा झटकतात, समोरच्याच्या मनगटावर टाकतात आणि म्हणतात, "हात द्या."

बैलबाजारात सौदे असेच होतात. कापडाखाली दोघांचे हात, वर दोघांचे गंभीर चेहरे, आणि भोवतीच्या बघ्यांना दिसतं ते फक्त हलणारं कापड. एक बोट धरलं की एक, अख्खा पंजा धरला की पाच. हजार की लाख, ते जनावराकडं बघून ज्यानं त्यानं समजून घ्यायचं. आणि कापडाखाली कळलेला आकडा चारचौघांत बोलायचा नाही. अप्पांनी उभं आयुष्य बैलबाजारात दलाली केली. त्यामुळे ही सवय असणं साहजिक आहे. फक्त आता त्यांच्याकडं विकायला बैल नाही, रेसची गाडी आहे.

रेसची म्हणजे खरीखुरी रेसची. लाल, लांबट, गुडघ्याएवढी उंच, एकाच माणसाला बसायला जागा, चारी चाकं अंगाबाहेर. तिला नंबर नाही, हॉर्न नाही, दिवे नाहीत, आरसा नाही, दार तर नाहीच. ती फक्त रेसच्या ट्रॅकवर चालवायची असते, रस्त्यावर आणायला कायद्याची परवानगी नाही. ट्रॅक तामिळनाडूत, आणि गाडी लातूरला, अप्पांच्या म्हशीच्या गोठ्यात. म्हैस बाहेर चिंचेखाली.

रिंगरोडमध्ये अप्पांची जमीन गेली आणि सरकारकडून मावेजा आला. त्या भागात मावेजा आलेल्या प्रत्येकानं पांढरी, मोठी, पुढं देवाचं नाव लिहिलेली गाडी घेतली. अप्पाही कुणाच्या तरी ओळखीनं जुना ट्रॅक्टर बघायला कोईमतूरला गेले. तिथं एका बंद पडलेल्या रेसच्या टीमचं सामान विकायला काढलं होतं. अप्पा ट्रॅक्टर विसरले.

"बैलाचं पुढून पाऊल बघायचं, मागून शेपूट," त्यांनी मला सांगितलं होतं. "हिला शेपूट बी होतं. मागं फळी लावल्याली हाय की."

ती फळी म्हणजे गाडी वेगात असताना जमिनीला दाबून ठेवणारा पंख होता. अप्पांची बायको, आमच्या काकू, त्यावर मिरच्या वाळत घालतात.

माझी आणि अप्पांची ओळख विम्यामुळे झाली. मी मूळचा बिलोली तालुक्यातला. आमच्या घरात पदवी घेतलेला पहिलाच, त्यामुळे विमा कंपनीत चिकटल्यावर मी प्रत्येक गिऱ्हाइकाचं काम परीक्षेला बसल्यासारखं करायचो. एक दिवस अप्पा काउंटरवर आले आणि म्हणाले, "गाडीचा विमा करायचाय."

"नंबर सांगा."

"नंबर न्हाई."

"नवीन आहे का?"

"जुनी हाय."

"मग रस्त्यावर कशी चालवता?"

"चालवतच न्हाई."

मी सगळी नियमावली उलथीपालथी केली. रस्त्यावर न येणाऱ्या गाडीला रस्त्यावरचा विमा देता येत नव्हता. मी तसं नम्रपणे सांगितलं. अप्पांनी थोडा विचार केला आणि विचारलं, "मग जनावराचा विमा हुईल का? कानात बिल्ला मारायला माझी काही हरकत न्हाई."

एवढा वेळ घालवला म्हणून सायबांनी मला आत बोलावून ताकीद दिली, पण मी जागा शोधतोय हे कळल्यावर त्याच दिवशी अप्पांनी मला राहायला वरची खोली दिली. डिपॉझिट मागितलं नाही. "विमा न्हाई तर न्हाई, विमासायब तर घरात राहू द्या," म्हणाले. तेव्हापासून मी विमासायब. आणि दोन वेळचं जेवणही काकूंनी कधी वेगळं धरलं नाही. लातुरात शिकायला आलेल्या पोरांची जागेसाठी जी मारामार असते ती ज्यांनी बघितली आहे, त्यांना या गोष्टीची किंमत कळेल.

गाडी पोसायचा खर्च हा काकूंचा लाडका विषय. "म्हशीला पेंड घातली तर दूध देती. हिला काय घातलं तर काय देती? धूर." गाडीचं तेल वेगळं, पेट्रोल वेगळं, बॅटरी वेगळी. टायर असे की ट्रॅकवर नीट पळवले तर दोन-तीन दिवसांत संपायचे. अप्पा एकदाच तिला ट्रॅकवर घेऊन गेले. पिकअप भाड्यानं घेतली, गाडी दावणीच्या दोरानं बांधली, वर ताडपत्री टाकली. वाटेत पोलिसांनी विचारलं, "काय आहे आत?"

"रेसचं जनावर हाय, साहेब."

ताडपत्री उचलून बघितल्यावर पोलिसांनी गाडीबरोबर फोटो काढून घेतले आणि भाव विचारला. अप्पांनी तिथंच, हमरस्त्यावर, उपरणं काढलं.

ट्रॅकवर पोचल्यावर एक अडचण निघाली. अप्पांचं पोट गाडीत बसेना. अर्ध्या तासाचे पैसे भरलेले, सोडून कसं द्यायचं? शेवटी तिथल्याच एका बारक्या ड्रायव्हरला बसवलं आणि अप्पा कठड्याला टेकून उभे राहिले.

"कशी पळाली?" परत आल्यावर मी विचारलं होतं.

"आली अन् गेली," अप्पा म्हणाले. "नीट दिसली बी न्हाई. बैल पळताना कसा तोंडावरनं कळतो, थकलाय का रंगात हाय. हिला तोंडच न्हाई."

त्यानंतर गाडी गोठ्याबाहेर गेली नाही. फक्त दर मंगळवारी अप्पा ती चालू करतात. मंगळवारच का, तर त्यांच्या बाजाराचा तो वार. बटण दाबलं की आधी खोकल्यासारखा आवाज, मग असा गडगडाट की चिंचेवरचे कावळे उडतात आणि शेजारच्या होस्टेलमधली डॉक्टर व्हायला आलेली सगळी पोरं पुस्तक मिटून गॅलरीत येतात. आधी त्यांनी तक्रार केली होती. आता एखाद्या मंगळवारी उशीर झाला तर तीच ओरडतात, "अप्पा, आज सुट्टी हाय का?"

आवाज झाला की माणसं जमतात, आणि माणसं जमली की भाव विचारतात. कुणी प्लॉटवाला, कुणी नवीन नगरसेवक, कुणी भुसार दुकानदार. कापडाखाली हात जातो. मी लांबून चेहरे बघायचो. बहुतेक जण आधी गोंधळायचे, मग एकदम जाणकार असल्यासारखी मान हलवायचे आणि म्हणायचे, "हं, जरा चढा हाय. बघू." बाहेर पडल्यावर मात्र नियम मोडून आकडा सांगायचे. भुसार दुकानदार म्हणाला सहा लाख. प्लॉटवाला म्हणाला चाळीस. नगरसेवकांनी तर डोळे मिटून फक्त आभाळाकडं बोट दाखवलं.

बाजारातले जुने दोघे-तिघे दलालही यायचे, अप्पांच्याच वयाचे. ते गाडीकडं बघायचेही नाहीत. खाटेवर बसायचे, कापडाखाली हात द्यायचे, बराच वेळ तसेच बसून हवापाण्याचं बोलायचे आणि उठताना म्हणायचे, "उतरला तर कळवा, शिवराज." पुढच्या मंगळवारी परत हजर.

"आता बाजारात काय राहिलंय?" अप्पा एकदा म्हणाले होते. "बैल गेले, ट्रॅक्टर आले. ट्रॅक्टर घ्यायला शोरूमला जावं, तर काचेवरच किंमत लिहिल्याली. मग माणसानं माणसाला काय विचारायचं?"

मलाही भाव जाणून घ्यायची फार उत्सुकता होती. पण अप्पांचा दंडक होता, घेणाऱ्यानंच हात द्यायचा, बघ्यानं नाही. मी तर भाडेकरू.

गाडीची किंमत मात्र दर वर्षी घसरतच होती, आणि त्याला मोठा हातभार लावला हिमायतनगरच्या मेहुण्यांनी. काकूंचे भाऊ सणाला आले, गाडीचे टायर बघितले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. टायर एकदम गुळगुळीत. रेसचे टायर नवे असतानाच तसे असतात, हे त्यांना कुठून माहीत असणार? "दाजींना फसवलं. टकले टायर गळ्यात मारले," असं ते काकूंना हळूच म्हणाले. अप्पा बाहेर गेल्याचं बघून त्यांनी चारी चाकं काढली, ओळखीच्या टायरवाल्याकडं नेली आणि गरम हत्यारानं त्यावर सुंदर नक्षी कोरून आणली. पैसेही खिशातले घातले.

अप्पांनी परत आल्यावर ती नक्षी बघितली. मेहुणे हसत म्हणाले, "दाजी, आता चिखलात बी घसरायची न्हाई."

अप्पा एवढंच म्हणाले, "लई बारीक काम केलंय," आणि मेहुण्यांना आग्रह करून अजून एक पुरणपोळी वाढायला लावली.

पोळ्याला तर अप्पांनी गाडीला अंघोळ घातली, पाठीवर झूल टाकली, मागच्या फळीला गोंडे बांधले आणि पुढं नैवेद्य ठेवला. काकू कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आता हिचं लगीन तेवढं लावायचं राहिलंय."

तेव्हा मला वाटलं, आपण या माणसाचं काहीतरी देणं लागतो. हा खर्च त्यांच्या डोक्यावरून उतरवावा. मी गाडीचे चांगले फोटो काढले, झूल काढून, आणि मोबाईलवर जाहिरात टाकली. काकूंना सांगितलं तर त्या खूश होतील असं वाटलं होतं. त्या पीठ मळायच्या थांबल्या आणि म्हणाल्या, "तुझं तू बघ बाबा." अप्पा म्हणाले, "गिऱ्हाईक आलं तर आलं." पण त्या रात्री ते जेवले कमी.

आणि गिऱ्हाईक आलं. निनाद नावाचा माणूस थेट पुण्याहून. तो मुलांना रेसची गाडी चालवायला शिकवतो. त्यानं गाडीखाली आडवं पडून सगळं तपासलं. इंजिनाला कान लावला. मग टायरपाशी थांबला.

"हे कोणी केलं?"

"मेहुण्यानं," अप्पा म्हणाले.

"काही वैर आहे का?"

"न्हाई हो. लई जीव हाय त्यांचा माझ्यावर."

निनाद हसला. माणूस चांगला होता. म्हणाला, "काका, खरं सांगतो. इंजिन फारसं वापरलेलं नाही. मला गाडी हवीय, पैसे आजच देतो. आणि रेसच्या गाडीला बाजार नसतो, एखादंच गिऱ्हाईक असतं. उभी राहिली तर दोन वर्षांत भंगाराच्या भावात जाईल. बोला, किती द्यायचे?"

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. अप्पांनी उपरणं काढलं. झटकलं. "हात द्या."

निनादनं मजा म्हणून हात दिला. पहिल्यांदा तो हसत होता. मग भुवया वर गेल्या. मग त्यानं हात काढून घेतला. "काका, मला काही कळलं नाही."

"परत द्या."

परत तेच. निनाद माझ्याकडं वळला. "अहो, ही तुमच्याकडची पद्धत आहे, तुम्हीच माझ्या वतीनं बघा ना."

अप्पा माझ्याकडं बघत राहिले. मग खाटेवर सरकून जागा केली. "या, विमासायब. आज तुमी घेणाऱ्याच्या बाजूनं."

मी हात दिला. लहानपणी वडलांबरोबर बाजारात गेल्यानं मला बोटांचा हिशेब माहीत होता. मी वाट बघत होतो, एक बोट, दोन बोटं, पंजा. अप्पांनी कुठलंच बोट धरलं नाही. त्यांनी माझा हात आपल्या हातात घेतला आणि धरून ठेवला. नुसता. तळवा जाड, कोरडा, आणि गरम होता. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. ते चिंचेकडं बघत होते.

मला भुसार दुकानदाराचे सहा लाख आठवले, प्लॉटवाल्याचे चाळीस. आणि ते जुने दलाल, दर मंगळवारी न चुकता भाव उतरायची वाट बघणारे.

"किती?" निनादनं विचारलं.

विमा कंपनीत नोकरी असूनही मला खोटं बोलायची सवय नव्हती. तरी मी म्हणालो, "पंच्याऐंशी लाख."

दारातून काकू म्हणाल्या, "कमीच सांगितला."

निनाद हसत सुटला, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग चहा प्यायला, गाडीवरून एकदा हात फिरवला आणि गेला. जाताना टायरचा फोटो मात्र घेऊन गेला.

तो गेल्यावर बराच वेळ अप्पा उपरण्याची घडी घालत होते. म्हणाले, "लई जास्त झालं का ओ?"

"मी काय करू? तुम्हीच बोटं धरली."

"हाव," अप्पा म्हणाले. "मीच धरली."

मी जाहिरात काढून टाकली. पुढच्या मंगळवारी गाडी गडगडली, कावळे उडाले, पोरं गॅलरीत आली. पाऊस असल्यानं बाहेरचं कुणीच फिरकलं नाही. जुने दलालही नाहीत. अप्पा गाडी बंद करून खाटेवर एकटेच बसले होते. मी जिना उतरून गोठ्यात गेलो.

"अप्पा, मला गाडी घ्यायचीय."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, बैल बघतात तसं. "पगार किती तुमाला?"

"तुम्ही आधी भाव सांगा."

अप्पांनी उपरणं काढलं, झटकलं आणि माझ्या मनगटावर टाकलं. "हात द्या."

आम्ही बसलो. पत्र्यावर पाऊस वाजत होता. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "किती येळ धरून बसलाव लेकराचा हात? सोडा आता, चहा निवूलालाय."